नोंदणीचा फॉर्म लिहायला घेण्याआधी

नोंदणीचा फॉर्म म्हणजे तीन चौकटी आणि एक बटण, त्याला कसली आलीय तयारी, असं वाटतं आणि बहुतेक जण थेट एचटीएमएल लिहायला बसतात. मी उलट्या टोकाने, म्हणजे डेटाबेसमध्ये ही माहिती साठते त्या टेबलापासून सुरुवात करायला सांगेन. कागद घ्या आणि वर एकच प्रश्न लिहा: हे टेबल उद्या चोरीला गेलं तर चोराच्या हाती काय लागेल? पुढचं सगळं या प्रश्नाला धरून ठरवायचं.

आधी काय मागायचं ते ठरवा. ईमेल आणि पासवर्डवर भागत असेल तर जन्मतारीख आणि मोबाइल नंबर मागू नका. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून घेतलेली माहिती बहुधा लागत नाही, सांभाळावी मात्र लागते. ईमेलच्या कॉलमवर युनिक इंडेक्स, म्हणजे एकच ईमेल दोनदा घालू न देणारी अट, हवीच. हा ईमेल आधीपासून आहे का, हे कोडमध्ये विचारून मग नोंद घालणं पुरेसं नाही. कुणी बटण दोनदा दाबलं तर दोन्ही विनंत्यांना ‘नाही’ असंच उत्तर मिळू शकतं आणि एका माणसाची दोन खाती उघडतात. ईमेलच्या मागेपुढे चुकून आलेली मोकळी जागा काढून टाका. पासवर्डमधली काढू नका, तीही पासवर्डचाच भाग आहे. आणि हॅशच्या, म्हणजे पासवर्डऐवजी साठवायच्या, उलटा फिरवता न येणाऱ्या मजकुराच्या कॉलमला ऐसपैस लांबी द्या, २५५ ठेवा. हॅश बनवण्याच्या बीक्रिप्ट या पद्धतीत तो ६० अक्षरांचा असतो. मी एकदा ५० चा कॉलम ठेवला, डेटाबेसने शेपूट निमूटपणे छाटलं, नोंदणी सगळ्यांची झाली आणि लॉगिन एकाचंही होईना. अर्धा दिवस मी बिचाऱ्या फॉर्मलाच दोष देत होतो.

आता हॅशिंग, इथे घाई करू नका. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचा डेटाबेस एसक्यूएल इंजेक्शनने (फॉर्ममधून डेटाबेसच्या आज्ञा घुसवून) फोडला गेला तेव्हा ३ कोटी २० लाखांहून जास्त पासवर्ड जसेच्या तसे वाचता आले. ती यादी आजही पासवर्ड फोडणाऱ्यांच्या हाताशी असते. २०१२ मध्ये लिंक्डइनचे हॅश बाहेर आले. ते एसएचए-१ या वेगवान पद्धतीचे, आणि सॉल्टशिवाय, म्हणजे प्रत्येक पासवर्डला हॅशआधी जोडायच्या वेगळ्या रँडम मजकुराशिवाय. २०१३ मध्ये ॲडोबीचे पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले (किल्लीने उलगडता येणारे) होते, पण सारख्या पासवर्डचं कूटरूपही सारखंच निघत होतं आणि शेजारी लोकांनी लिहिलेल्या सूचना उघड्या होत्या. त्यावरून कोडं सोडवल्यासारखे पासवर्ड ओळखता आले. म्हणून एन्क्रिप्शन नको, कारण त्याची किल्ली कुठेतरी ठेवावी लागते; आणि साधा वेगवान हॅशही नको, कारण त्याचा वेग चोराच्याच कामी येतो. मुद्दाम संथ बनवलेला हॅश घ्या. आर्गॉन२ हा २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगच्या स्पर्धेत पहिला आला; त्याचा आर्गॉन२आयडी हा प्रकार निवडा. तो मिळत नसेल तर १९९९ चा बीक्रिप्ट अजून चालतो. सॉल्ट वेगळा बनवायच्या भानगडीत पडू नका, चांगली लायब्ररी तो स्वतः बनवते आणि हॅशमध्येच लिहून ठेवते.

संथपणा किती, हे आपल्या सर्व्हरवर मोजून ठरवा. आर्गॉन२आयडीसाठी वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या मार्गदर्शनातला एक किमान पर्याय १९ मेबीबाइट (मेगाबाइटच्या जवळपासचं माप) मेमरी आणि दोन फेऱ्या असा आहे. एकाच क्षणी ५० जण आले तर नुसत्या हॅशिंगला ९५० मेबीबाइट लागतील. छोट्या सर्व्हरवर हा हिशेब आधी मांडलेला बरा. बीक्रिप्ट घेतलात तर त्याची मर्यादा ७२ बाइट आहे, आणि बऱ्याच लायब्रऱ्या त्यापुढचं मुकाट्याने सोडून देतात. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, मात्रा वेगळी मोजली जाते. ‘कि’ दिसायला एक, साठवायला सहा बाइट. म्हणजे मराठीत लांबलचक वाक्य पासवर्ड म्हणून देणाऱ्याची पहिली २४ चिन्हंच खरी, बाकी शोभेची. शिवाय ‘ऱ’ एकाच कोडने लिहिता येतो, नाहीतर ‘र’खाली नुक्ता देऊनही. म्हणून हॅश करण्याआधी मजकूर एनएफसी रूपात, म्हणजे अशा अक्षराला एकच ठरलेला कोड देणाऱ्या युनिकोडच्या रूपात, आणा, आणि लॉगिनच्या वेळीही तेच करा. पासवर्डला हात लावायची परवानगी एवढीच.

नियमांची जाचक पाटी लावू नका. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह अशी सक्ती केली की लोक पहिलं अक्षर मोठं करतात आणि शेवटी १ आणि उद्गारचिन्ह लावून मोकळे होतात. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ मध्येच ही सक्ती आणि ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावणं, दोन्ही नको असं सांगितलं. तेव्हा किमान ८ अक्षरं होती. २०२५ च्या आवृत्तीत, ओळख पटवायला पासवर्ड एकटाच असेल तर किमान १५. कमाल मर्यादा ६४ च्या खाली आणू नका, पण अमर्यादही सोडू नका. फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहा. अशी यादी ठेवणाऱ्या हॅव आय बीन पोन्डच्या सेवेला एसएचए-१ हॅशची पहिली पाच अक्षरंच पाठवावी लागतात, जुळवणी आपल्याकडे होते. पेस्ट बंद करू नका. पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्या शहाण्या माणसालाच त्याची शिक्षा होते.

एचटीटीपीएस (वाटेत मजकूर वाचता न येणं), पोस्ट (पासवर्ड पत्त्यात न दिसणं), प्रिपेअर्ड स्टेटमेंट (एसक्यूएल इंजेक्शन रोखणं), सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या साइटवरून आलेला फॉर्म नाकारणं) आणि विनंत्यांच्या संख्येवर लगाम या गोष्टी तुम्हाला माहीत असतील. यादीत टिकमार्क करून पुढे चला. ब्राउझरमधली तपासणी ही केवळ सोय आहे, तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा लिहा.

‘हा ईमेल आधीच नोंदलेला आहे’ हे वाक्य मात्र जपून. कोणाचं खातं आहे हे त्यातून कुणालाही कळतं. ईमेल नवा असो की आधीच नोंदलेला, पडद्यावर ‘तुमचा ईमेल तपासा’ एवढंच दाखवा आणि खरी गोष्ट ईमेलमध्ये लिहा. इथे एक फट राहते: नवीन ईमेल असेल तर पासवर्डचा हॅश बनवायला वेळ लागतो, जुन्याला उत्तर झटकन जातं, आणि त्या फरकावरूनही ओळखता येतं. ईमेल जुना असला तरी पासवर्डचा हॅश बनवा आणि तो टाकून द्या. पडताळणीच्या लिंकमधलं टोकन (ओळख पटवणारा गुप्त मजकूर) सुरक्षित रँडम स्रोतातून घ्या, टेबलात त्याचा हॅशच ठेवा, मुदत लावा आणि एकदा वापरलं की बाद करा. स्वागताच्या ईमेलमध्ये पासवर्ड लिहून पाठवणारे अजून भेटतात; त्यांच्याविषयी काय बोलावं!

राहिले लॉग, म्हणजे सर्व्हर आपल्या कामाच्या ठेवतो त्या नोंदी. मे २०१८ मध्ये गिटहब आणि ट्विटर, दोघांनाही आपले काही पासवर्ड आतल्या लॉगमध्ये उघडे लिहिले गेल्याचं जाहीर करावं लागलं. हॅशिंग दोघांकडेही होतं, पण हॅश होण्याआधीच मजकूर लॉगमध्ये पडत होता. म्हणून फॉर्म तयार झाला की कुठेच आढळणार नाही असा एक विचित्र पासवर्ड देऊन नोंदणी करा, एकदा मुद्दाम एरर आणा, आणि मग तो शब्द डेटाबेसमध्ये, सर्व्हरच्या लॉगमध्ये, एरर गोळा करणाऱ्या सेवेत आणि बॅकअपमध्ये शोधा. एका जरी ठिकाणी सापडला, तर फॉर्म खुला करायची तारीख पुढे ढकला.