बीपीसाठी लसूण-बीट घेताय? मग असं घ्या

लसूण आख्खा गिळू नका, त्यातलं अ‍ॅलिसिन हे उपयोगी द्रव्य पाकळी ठेचल्यावरच तयार होतं, म्हणून ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवा आणि मग खा, पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बीट मंडईतून पानांसकट आणा, त्यातल्या नायट्रेटवर तोंडातले बॅक्टेरिया काम करतात, त्यामुळे लगेच माउथवॉश केलात तर फायदा बराचसा गेलाच समजा! (मी महिनाभर हेच करत होतो.) बीट खाल्ल्यावर लघवी लाल दिसली तर घाबरू नका. आणि बीपीसाठी सर्पगंधा ही वनस्पती मनाने अजिबात नको, त्यातलं रिसर्पिन हे बीपीचं औषधच आहे, १९५२ मध्ये ते वेगळं काढलं गेलं, त्याने डिप्रेशन येऊ शकतं. बीपीची गोळी चालूच ठेवायची हं.