डाळीचा खोका फिरवला की विस्कटायचा

लातूरच्या एका डाळवाल्यासाठी आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये फिरता खोका करायचा होता. रुंदी ६००, उंची ८००, खोली २०० पिक्सेल. थ्रीडी स्विच लावलेले सहा सपाट लेयर, म्हणजे चित्राचे थर, एकेका बाजूला एक. एक्स म्हणजे आडवा अक्ष, वाय उभा, झेड खोलीचा. पुढची बाजू झेडवर उणे १००, मागची अधिक १०० आणि वायवर १८० अंश फिरवलेली, नाहीतर मागचा मजकूर उलटा दिसतो. कडेच्या बाजू मध्यापासून ३०० वर, वायमध्ये ९० अंश. वरची-खालची ४०० वर, एक्समध्ये ९०. मधोमध थ्रीडी नल, म्हणजे न दिसणारा लेयर; सगळ्यांचा पेरेंट तोच, तो फिरवला की सगळे फिरतात.

पण फिरवलं की मागची बाजू पुढचीच्या अंगावर चढायची. आकडे तर सगळे बरोबर! भानगड टाइमलाइनमध्ये, लेयरच्या वरखाली क्रमात निघाली. रंग उजळवायचा ॲडजस्टमेंट लेयर (खालच्या सगळ्या लेयरवर इफेक्ट लावणारा) नेमका बाजूंच्या मध्ये बसला होता. असा टूडी लेयर मध्ये आला की त्याच्या वरचे आणि खालचे थ्रीडी लेयर वेगवेगळे रेंडर होतात, म्हणजे त्यांचं चित्र वेगवेगळं तयार होतं. जवळ कोण, लांब कोण, हा हिशेबच मग लागत नाही. तो सगळ्यांच्या वर ओढला, खोका जुळला.

कडांना केसाएवढी फट दिसलीच तर बाजू एखादा पिक्सेल वाढवा. आणि लाइट लावल्याशिवाय गिऱ्हाइकाला दाखवू नका, सगळ्या बाजू सारख्याच उजळ दिसतात.