मोनोफिन घालायच्या आधी वर जाणारी किक शिका

मोनोफिन म्हणजे दोन्ही पावलं एकत्र अडकवायची, शेपटीसारखं एकच रुंद पातं असलेली फिन. ती आत्ता पिशवीतच राहू द्या. आधी पाण्यात उतरून उताणं व्हा, दोन्ही हात डोक्यावर नेऊन कानांना चिकटवा, पाय जोडा आणि पाण्यावरच सावकाश आठ-दहा डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय एकत्र वर-खाली, मारा, आणि शेजारच्या लेनमधल्या कुणाला तरी एवढंच बघायला सांगा की तुमचे गुडघे पाण्याबाहेर येतायत का. येत असतील तर किक गुडघ्यातून चाललीय, कमरेतून नाही. अशा किकला मोनोफिन लावली की तिचं पातं पाणी मागे ढकलायच्या ऐवजी नुसतं आपटत राहतं, आणि सगळा ताण जातो गुडघ्यांवर आणि कमरेच्या खालच्या मणक्यांवर. माझे पहिले दोन महिने असेच गेले, पाठ धरली ती वेगळीच, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतेय.

बडोद्याच्या माणसाला यातली मुख्य गोष्ट लवकर कळेल. विश्वामित्री नदीच्या पुलावर उभं राहून मगर पोहताना आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलीय, तिची शेपटी डावीकडे-उजवीकडे अशी वळत जाते, माशांचंही तसंच. डॉल्फिनची शेपटी मात्र आडवी असते आणि वर-खाली चालते, कारण तो सस्तन प्राणी, त्याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालणारे, आणि जोरात पळणाऱ्या सस्तन प्राण्याचा कणा वर-खाली वाकतो, कुत्रा पळताना एकदा बाजूनं नीट बघा म्हणजे समजेल. आपला कणाही त्याच जातीचा, त्यामुळे आपल्यालाही ही वर-खाली लाट जमते. पण डॉल्फिनची शेपटी खाली येताना पाणी ढकलते तशीच वर जातानाही ढकलते, आणि आपलं नेमकं इथेच अडतं. आपण लहानपणापासून लाथ म्हणजे पुढे मारायची एवढंच शिकलेलो असतो, त्यामुळे पालथं पोहताना आपण खाली जोरात मारतो आणि वर येताना पाय नुसते परत आणून ठेवतो. म्हणजे अर्धी किक फुकट गेली. साध्या पायांनी ते खपून जातं, मोनोफिनवर नाही खपत, कारण एवढं मोठं पातं नुसतं परत आणायचं म्हटलं तरी ते ब्रेक लावल्यासारखं अडवतं.

वर जाणारी किक कशी असते ते सांगते. खाली मारताना गुडघा थोडा वाकतो आणि मग सरळ होतो, काम करते मांडीची पुढची बाजू आणि पोट. वर जाताना गुडघा सरळच ठेवायचा, अख्खा पाय मांडीपासून उचलायचा, काम करतात कुल्ल्याचे आणि मांडीच्या मागचे स्नायू. बरोबर होतंय का हे ओळखायची खूण अशी, की खाली मारताना पाण्याचा दाब पावलाच्या वरच्या बाजूला लागतो आणि वर जाताना तळव्याला आणि पोटरीला. तळव्याला काहीच जाणवत नसेल तर तुम्ही वर येताना आराम करताय.

यासाठी सगळ्यात चांगला ड्रिल, म्हणजे सरावाचा प्रकार, उभी किक. खोल बाजूला जायचं, भिंतीच्या जवळ पण भिंतीला न धरता, हात छातीवर घडी करून, डोकं पाण्याबाहेर, आणि उभ्याउभ्या डॉल्फिन किक मारत राहायची, १५ सेकंद किक आणि ३० सेकंद भिंत धरून आराम, असं सहा वेळा. आता लक्ष द्या, तुम्ही हळूहळू मागे सरकत असाल तर पुढची लाथ जोरात आहे आणि मागची कमी, म्हणजे तोच आपला जुना आजार. जागच्या जागी राहता आलं की दोन्ही बाजू सारख्या झाल्या. मला जागच्या जागी राहायला तीन आठवडे लागले, माझ्या मुलीला चार दिवस, ती बटरफ्लाय करते, त्या पोहण्यात हीच किक असते, म्हणून असेल आणि वयाचा फरक आहेच. दुसरा ड्रिल कुशीवर पोहायचा, खालचा हात पुढे लांब, वरचा हात मांडीवर, आणि किक मारताना भिंतीच्या टाइल्स बघत राहायचं. कुशीवर असलं की वर आणि खाली हा प्रकारच उरत नाही, दोन्हीकडे पाणीच पाणी, त्यामुळे दोन्ही बाजू समान मारायची सवय आपोआप लागते.

आता लाट. लाट हातापासून सुरू होत नाही, हात तर जितके स्थिर तितके चांगले, एका हातावर दुसरा हात, वरच्या हाताच्या अंगठ्यानं खालच्या हाताची कड धरायची, कोपर सरळ, डोकं दोन दंडांच्या मध्ये. छाती किंचित खाली दाबायची, म्हणजे कंबर वर येते, मग मांडी, मग गुडघा, मग घोटा, आणि शेवटी पातं. वर सगळं लहान आणि पायाकडे जाताना मोठं होत जाणारं, चाबकासारखं. बरेच जण उत्साहात छाती आणि डोकंच एवढं हलवतात की शरीर पुढे जायच्या ऐवजी पाण्यात नागमोडी चाल करत राहतं. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या भागात वाढलेल्यांना मल्लखांब नवा नाही, आणि मी बघितलंय की मल्लखांब केलेल्या मुलांना ही लाट एका दिवसात जमते, कारण पोट आवळून कणा वळवायची त्यांना सवय असते. ज्यांनी मल्लखांब केला नाही त्यांनी घरी उताणं झोपून कंबर जमिनीला चिकटवायची आणि हात-पाय चार-सहा इंच उचलून २० सेकंद धरायचं, रोज पाच वेळा. कंबर जमिनीवरून सुटली की थांबायचं. पाठ दुखण्यापासून मला यानंच वाचवलं. घोट्यासाठी आपलं वज्रासन, पण पाऊल मागे लांब ताणलेलं ठेवून, एक-एक मिनिट, गुडघा दुखत असेल त्यांनी जबरदस्ती करू नये, खुर्चीवर बसून पावलाचा वरचा भाग हातानं दाबला तरी चालतं.

मोनोफिन घेताना मी चूक केली ती तुम्ही करू नका. मी ऑनलाइन एक कडक फायबरग्लासची घेतली, स्पर्धेतले लोक वापरतात तशी, आणि साइझ नेहमीच्या चपलेचा दिला. ती एवढी घट्ट निघाली की दहा मिनिटांत बोटं बधिर आणि तळव्यात गोळे. सुरुवातीला रबर किंवा प्लॅस्टिकची मऊ, आखूड पात्याची फिन घ्या, स्वस्तही पडते आणि चुका माफ करते. स्पर्धेच्या मोनोफिनचं पातं मोठं असतं, नियमाप्रमाणे ७६० मिलिमीटर रुंदीपर्यंत, आणि त्याला वाकवायला पायात आणि पोटात ताकद लागते. फूट पॉकेट, म्हणजे पाऊल घालायचा खिसा, टाचेला न घासणारं पण पाण्यात न निसटणारं हवं, घासत असेल तर पातळ निओप्रीनचे मोजे घाला. घालताना काठावर बसून, पाय पाण्यात सोडून, पॉकेट आतून ओलं करून घालायची. घातल्यावर उभं राहून चालायचा प्रयत्न अजिबात नको, काठावरच्या ओल्या लादीवर दोन्ही पाय एकत्र बांधलेले असताना पडलं की हात टेकायलाही वेळ मिळत नाही. काठावरून उडीसुद्धा नको, बसल्याबसल्या हातांवर भार देऊन आत सरकायचं.

आणि परवानगी आधी विचारा. आपल्याकडे उन्हाळ्याच्या बॅचला एका लेनमध्ये दहा-बारा जण असतात, तिथे फायबरची कड कुणाच्या तोंडाला लागली तर टाके पडतील. मी सकाळची शेवटची बॅच संपताना लाइफगार्डदादांना विचारून कडेची लेन घेते, ते हो म्हणाले तरच. तलावात, कॅनॉलमध्ये किंवा नदीत हा प्रयोग करू नये, विश्वामित्रीचं तर बोलायलाच नको.

पहिल्या आठवड्यात मोनोफिन घालून २५ मीटरच्या चार ते सहा फेऱ्या, बास. पोटरीत गोळा आला तर पाण्यात ओढाताण न करता काठ धरून फिन काढायची, म्हणून एका झटक्यात कशी काढायची ते पहिल्याच दिवशी उथळ पाण्यात पाच-सहा वेळा करून बघा. समोरून नाकावर येणारा स्नॉर्केल, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची नळी, मिळाला तर फार मदत होते, श्वासासाठी मान उचलावी लागत नाही आणि मान उचलली नाही की लाट तुटत नाही. भिंतीशी वळताना गुलाटी मारायला जाऊ नका, एका हातानं भिंत धरायची, अंग गोळा करून मोठं वळण घ्यायचं. वेग वाढवायची घाई नको. किक सावकाश आणि पूर्ण, पातं शेवटपर्यंत वाकून सुटेपर्यंत थांबायचं, त्याची एक लय असते आणि ती सापडली की पाणी आपोआप मागे जातंय असं वाटतं, मला ती पहिल्यांदा सापडली त्या दिवशी मी घरी येऊन सगळ्यांना सांगत बसले होते.

प्रगती मोजायला घड्याळ एकटं पुरत नाही, किक मोजा. एक सोपं गणित आहे, किकची उंची, म्हणजे पातं सगळ्यात खालपासून सगळ्यात वरपर्यंत जातं ते अंतर, मीटरमध्ये, गुणिले एका सेकंदातल्या किक, भागिले वेग. पोहणाऱ्या डॉल्फिनचा आणि माशांचा हा आकडा साधारण ०.२ ते ०.४ मध्ये असतो. मला आधी २५ मीटरला १९ किक आणि १७ सेकंद लागायचे, मुलीनं काठावरून व्हिडिओ काढला आणि टाइल्स मोजल्या तर किकची उंची ०.७ मीटरच्या आसपास, म्हणजे आकडा ०.५ च्या वर. आता १३ किक, १६ सेकंद, उंची ०.६, आकडा ०.३ च्या जरा वर. वेळ एकच सेकंद कमी झाला पण दमणं निम्मं झालं.

आता श्वासाचं, आणि हे वाचताना घाई करू नका. मोनोफिन घातली की पाण्याखाली लांब जाता येतं आणि अजून थोडं, अजून थोडं असं मन म्हणतं. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाला म्हणून नाही, कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. आत जायच्या आधी कुणी भराभरा खोल श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड खूप खाली जातो पण ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, त्यामुळे धोक्याची घंटा उशिरा वाजते आणि घंटा वाजायच्या आधीच माणूस बेशुद्ध होऊ शकतो, तेही कसलीच धडपड न करता, उथळ पाण्यात, चांगला पोहणारा असूनसुद्धा. आमच्या बॅचमधल्या एका मुलाला असं तळाशी शांत पडलेलं मी बघितलंय, सरांनी सेकंदात बाहेर काढला म्हणून वाचला, आणि वरून बघणाऱ्यांना वाटत होतं तो खेळतोय. म्हणून भराभरा श्वास घेऊन आत जायचं नाही, एकट्यानं पाण्याखाली पोहायचं नाही, एक जण खाली असेल तर दुसरा वर नुसता त्याच्याकडे बघत उभा, मोबाइल हातात नाही. प्रत्येक फेरीनंतर श्वास पूर्ण शांत होईपर्यंत थांबायचं, पैजा लावायच्या नाहीत. लहान मुलांना जलपरीच्या शेपट्या आणून देणाऱ्या आईवडिलांनाही हेच, शेपटी असताना मूल हाताच्या अंतरावर हवं.

पाण्याखालची किक एवढी जोरदार का याचं कारण असं, की पाण्यावर पोहताना आपण लाटा तयार करतो आणि त्यात ताकद जाते, अर्धा-एक मीटर खाली गेलं की ते बरंच कमी होतं. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोकला अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ आणि जपानचा दाइची सुझुकी दोघंही सुरुवातीला ३० मीटरच्या आसपास पाण्याखालून गेले, सुझुकीला सुवर्ण, बर्कॉफला रौप्य. मग पाण्याखालून जायला आधी १० मीटरची आणि नंतर १५ मीटरची मर्यादा आली, १९९८ मध्ये बटरफ्लाय आणि फ्रीस्टाइललाही तीच लागू झाली. म्हणून तुमच्या मुलांची शर्यत असेल तर त्या १५ मीटरमध्येच सगळं कमवायचं असतं. मोनोफिन शर्यतीचा खेळ वेगळा आहे, फिनस्विमिंग, तो १९८१ पासून वर्ल्ड गेम्समध्ये आहे.

म्हणूनच फिन काढल्यावर लगेच घरी जाऊ नका. पायाला अजून पात्याची आठवण असते तेव्हाच साध्या पायांनी भिंतीवरून ढकलून १५ मीटरच्या सहा फेऱ्या मारा, तळव्यावरचा दाब शोधत. पहिल्या दोन फेऱ्यांना पाय रिकामे वाटतात, तिसऱ्या-चौथ्याला पाणी सापडतं. आणि दर पंधरा दिवसांनी ती उताणी टेस्ट पुन्हा करा. गुडघे सलग दहा किक पाण्याखाली राहिले तरच मऊ फिन सोडून कडक फिनचा विचार करा, तोपर्यंत पैसे खर्च करू नका.