सर्फ फोरकास्ट वाचताना या चुका टाळा: हरमल-आश्वेच्या लाटांवर शिकलेलं

मागच्या एप्रिलमध्ये मावसभावाला घेऊन गोव्यात हरमलला सर्फिंगला गेले होते. तो तेव्हा जेमतेम चार-पाच वेळा बोर्डवर उभा राहिलेला, लाटांचा अंदाज (फोरकास्ट) देणाऱ्या ॲपवर ०.७ मीटर दिसत होतं आणि वारा जवळपास शून्य, म्हटलं नवशिक्याला याच्यापेक्षा चांगला दिवस मिळायचा नाही. सावंतवाडीहून अंधारातच निघालो आणि साडेसहाला पाण्यात होतो. पाचेक मिनिटं झाली असतील, मागून एक लाट आली, आधी पाणी सगळं पायाखालून मागे खेचलं गेलं, मग ती भिंतीसारखी उभी राहिली आणि गुडघाभर पाण्यात आपटली. बोर्डचं नाक वाळूत रुतलं आणि तो खांद्यावर पडला. तीन आठवडे हात गळ्यात बांधून होता.

घरी येऊन तोच फोरकास्ट परत उघडला तर सगळं तिथंच लिहिलेलं होतं. पिरियड (दोन लाटांमधलं अंतर) १५ सेकंद, अमावास्या, पहाटे पाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. मी फक्त पहिला आकडा वाचून निघाले होते. तेव्हापासून मी हे सगळं नीट शिकले, चुका करत करतच, आणि ज्या चुका मला आजूबाजूला सारख्या दिसतात त्या इथे लिहितेय. उदाहरणं हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या पट्ट्यातली आहेत कारण मला तेच पाणी माहीत आहे, पण वाळूवर लाटा फुटणाऱ्या कुठल्याही किनाऱ्याला यातलं बरंचसं लागू पडेल.

उंचीचा आकडा म्हणजे किनाऱ्यावरची लाट नाही

ॲपवर जो मीटरचा आकडा असतो तो बहुतेक वेळा बाहेरच्या खोल समुद्रातल्या स्वेलचा, म्हणजे वाऱ्याने उठून किनाऱ्याकडे सरकत येणाऱ्या लाटांचा असतो, तुमच्या समोर फुटणाऱ्या लाटेचा नाही. आणि तोही सगळ्या लाटांचा नसतो, लाटा उंचीप्रमाणे लावल्या तर वरच्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. म्हणजे १ मीटर लिहिलंय तेव्हा बऱ्याच लाटा त्याहून लहान असणार, आणि तासाभरात एखादी जवळपास दुप्पटही येऊ शकते. त्या एका लाटेची तयारी ठेवूनच आत जायचं.

अजून एक, दोन स्वेल दिसत असतील तर लोक सरळ बेरीज करतात. ०.९ आणि ०.७ म्हणजे १.६ नाही होत. दोघांचे वर्ग करून बेरीज करायची आणि मग वर्गमूळ, येतं साधारण १.१४. मित्रांच्या ग्रुपवर "उद्या दीड मीटरच्या वर" असे मेसेज फिरतात त्यातले निम्मे याच बेरजेचे असतात.

पिरियड न बघणं, माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक

पिरियड म्हणजे एक लाट गेल्यावर पुढची यायला लागणारे सेकंद, एवढं सगळ्यांना माहीत असतं पण त्या आकड्यात लाटेचा अख्खा स्वभाव असतो हे लक्षात येत नाही. जवळच्या वाऱ्याने तयार झालेली लाट ५ ते ८ सेकंदांची, हजारो किलोमीटरवरून आलेली १२ ते १८ सेकंदांची. खोल पाण्यात लाटेची लांबी काढायला पिरियडचा वर्ग करून दीडपटीहून थोडं जास्त, नेमकं १.५६ ने गुणायचं. ८ सेकंदांची लाट १०० मीटर लांब, १५ सेकंदांची ३५० मीटर. लाटेला तळ कधी जाणवायला लागतो, तर तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. म्हणजे ८ सेकंदवालीला ५० मीटर पाण्यात आणि १५ सेकंदवालीला १७५ मीटर पाण्यातच. तिथून ती मंदावत, वळत, किनाऱ्याजवळ आल्यावर उंच होत होत येते, आणि म्हणूनच ०.६ मीटर १५ सेकंद ही दिसायला किरकोळ स्वेल फुटताना जवळपास दुप्पट होऊ शकते, आणि तिच्यामागे पाणीही तेवढंच लोटत येतं.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात ही लांब स्वेल येते ती कुठून, तर पार दक्षिणेकडच्या महासागरातून, अंटार्क्टिकाच्या अलीकडे जी वादळं होतात तिथून. १६ सेकंदांच्या लाटांची ऊर्जा ताशी साधारण ४५ किलोमीटरने सरकते, १२ सेकंदांची ३४ ने. साडेसहा हजार किलोमीटर अंतर धरलं तर पहिल्या लाटा सहा दिवसांनी आणि मागच्या आठ दिवसांनी पोचतात. म्हणजे आधी लांब पिरियडच्या, उंचीला अगदी कमी, मधे मोठा गॅप असलेल्या लाटा येतात आणि एक-दोन दिवसांनी पिरियड उतरत जातो. हरमलला जायचं असेल तर माझ्या अनुभवात दुसरा-तिसरा दिवस जास्त चांगला जातो, पहिला नाही.

आणि इथेच एक गोष्ट उलटी आहे जी लोकांना पटत नाही. परदेशातले व्हिडिओ बघून वाटतं जितका लांब पिरियड तितकी मस्त लाट. खडकावर किंवा टोकाला वळसा घालून फुटणाऱ्या जागी ते खरं आहे. सरळ वाळूच्या किनाऱ्यावर लांब स्वेल समोरून आली की शंभर-दोनशे मीटरची अख्खी रेघ एकदम फुटते, क्लोजआउट, ना डावीकडे जाता येत ना उजवीकडे. आपल्या वाळूला ८ ते ११ सेकंदांची, थोडी तिरकी, शक्यतो दोन दिशांची मिसळलेली स्वेल आवडते, तेव्हा लाटेला टोकं येतात आणि खांदा, म्हणजे लाटेचा अजून न फुटलेला उतार, मिळतो. मला १.० मीटर ९ सेकंद दिसलं की मी सुट्टी टाकते.

भरती-सुकती: ॲप बाजूला ठेवून तिथी बघा

लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापटीहून थोड्या जास्त खोलीला फुटते. १ मीटरची लाट १.३ मीटर पाण्यात. आता गोव्यात उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक २ मीटरच्या पुढे जातो, म्हणजे पाण्याखालच्या ज्या वाळूच्या पट्ट्यावर ओहोटीला जेमतेम कमरेएवढं पाणी असतं तिथंच भरतीला डोक्यावरून पाणी. मग ओहोटीला ती लाट उथळ वाळूवर आपटते, भरतीला पट्ट्यावरून न फुटता सरळ पुढे येते आणि अगदी किनाऱ्याच्या उतारावर फुटते, आणि दोन्हींच्या मधे दोन-अडीच तास असे मिळतात की तीच लाट सुंदर चालते. स्वेल बदललेली नाही, वारा बदललेला नाही, फक्त पाणी चढलं. लोक सकाळी सहाला येऊन "आज काही नाही" म्हणून निघून जातात आणि नऊला तिथंच लाटा लागलेल्या असतात.

कोकणातला जुना हिशोब अजून चालतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. अगदी मिनिटाला नाही जुळत आणि मुरगावला भरती मुंबईच्या आधी येते, त्यामुळे नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या तक्त्यातच बघायची, मुंबईचा तक्ता लावून इकडे येऊ नका. पण निघायच्या आधी तोंडी अंदाज यायला हा हिशोब पुरतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी, त्यामुळे लाट दिवसभर जवळपास सारखी राहते आणि नवशिक्याला तेच दिवस बरे. मावसभावाला मी आता शक्यतो भांगालाच नेते.

वारा

बाणाचं टोक वारा जिकडे जातोय ते दाखवतं, पण वाऱ्याचं नाव तो जिकडून येतो त्यावरून. पश्चिमेचा वारा म्हणजे समुद्रावरून आपल्याकडे येणारा, ऑनशोर, लाट विस्कटवणारा. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे त्यामुळे पूर्वेचा वारा हवा, आणि तो आपल्याकडे पहाटे असतोच, मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाठ केलेले असतात ते इथे खरोखर उपयोगी पडतं. डिसेंबर-जानेवारीत मतलई सकाळी बराच वेळ टिकतो, मे महिन्यात लवकर पडतो आणि अकराच्या आत वायव्येचा वारा सुरू.

गडबड अशी की ॲपमागचं जगभराचं संगणकी हवामान मॉडेल हा स्थानिक वारा नीट पकडत नाही. जीएफएस या अमेरिकन मॉडेलची जाळी साधारण २५ किलोमीटरची, म्हणजे हरमलपासून मोरजीपर्यंत सगळे किनारे एकाच चौकटीत, त्यातच थोडा समुद्र थोडी जमीन. त्यामुळे ॲपवर सकाळी सातला पश्चिमेचा ३ नॉट लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात माडाच्या झावळ्या समुद्राकडे हलत असतात. सकाळच्या हलक्या वाऱ्याच्या आकड्यावरून प्लॅन रद्द करू नका, दुपारच्या १२-१५ नॉटच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवा.

नॉट आणि किलोमीटर यात पण घोळ होतो, १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. आणि काही साइटवर वेळ भारताची नसून जागतिक प्रमाणवेळ असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे, सेटिंग एकदा तपासून घ्या.

आकडे बरोबर दिसतात पण समोर वेगळंच आहे, तेव्हा

१.२ मीटर लिहिलंय आणि पाणी सपाट: आधी पिरियड बघा, ५-६ सेकंद असेल तर ती लाट नाही, नुसती खळबळ. मग दिशा बघा. हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांची स्वेल वायव्येकडून येते, आणि हरमलच्या उत्तर टोकाला डोंगराचा आडोसा आहे, तिथं उभं राहून काही दिसणार नाही, दक्षिणेकडे मांद्रेच्या बाजूला चालत जा. तिसरं, पूर्ण भरती असेल तर दोन तास थांबा, शहाळं प्या.

लिहिलंय कमी आणि आपटतंय जोरात: लांब पिरियड आणि ओहोटी एकत्र आलेत. पाणी चढेपर्यंत बाहेर बसा.

रात्री एक आकडा होता, सकाळी दुसरा: मॉडेल दिवसातून चार वेळा नव्याने चालतं, बदलणारच. लांबून येणारी स्वेल अर्धा दिवस मागेपुढे झाली तर नवल नाही. तीन दिवसांच्या आतल्या आकड्यावर गाडी भाड्याने घ्या, आठवड्यानंतरच्या आकड्यावर नुसता अंदाज बांधा, हॉटेल बुक करू नका.

मागच्या वर्षीच्या जागी लाटच फुटत नाही: पावसाळ्यात किनाऱ्यावरची वाळू ओढली जाते आणि नंतर हळूहळू परत येते, पण त्याच जागी येईल असं नाही. शापोरा आणि तेरेखोल नद्यांच्या तोंडांजवळ, म्हणजे मोरजी आणि केरीकडे, हे जास्तच. ऑक्टोबरमध्ये ओहोटीच्या वेळी एकदा नुसतं चालत फिरा, उंचवटे कुठे आहेत, खाचा कुठे आहेत ते डोळ्यांनी दिसतं. खाच दिसते तिथूनच पाणी परत समुद्राकडे जातं. लाटांच्या मधे एखादा पट्टा शांत, गडद, न फुटणारा दिसला तर नवीन माणसाला तीच सुरक्षित जागा वाटते आणि तो नेमका तिथंच उतरतो. तो रिप करंट असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे पोहण्याची झटापट करू नका, बोर्ड सोडू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, मग लाटांच्या मदतीने या.

इशारा आला असेल तर आकडा बघायचाच नाही

हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे आणि स्वेल सर्जचे इशारे देते, जिल्ह्याच्या नावानिशी. केरळात ज्याला कल्लक्कडल म्हणतात ते हेच, दूरच्या वादळाची लांब स्वेल, इथे वारा नाही, ढग नाही, ऊन पडलेलं आणि समुद्र अचानक किनारा ओलांडून आत येतो. आकाश निरभ्र आहे म्हणून तो इशारा खोटा ठरत नाही. जीवरक्षकांनी लाल झेंडा लावला असेल तर त्यांच्याशी वाद घालू नका, ते रोज तिथं उभे असतात.

आणि जून ते सप्टेंबर नको. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते, ज्यांचं पोट समुद्रावर आहे तेसुद्धा ट्रॉलर वर ओढून ठेवतात.

पंधरा मिनिटं आणि एक वही

पोचल्यावर लगेच बोर्ड उचलू नका. पंधरा-वीस मिनिटं वाळूत बसून सेट, म्हणजे एकामागोमाग येणाऱ्या मोठ्या लाटांचे गट, मोजा, कारण लांब पिरियडला दोन सेटच्या मधे दहा-बारा मिनिटंही जातात आणि तेवढ्या वेळात समुद्र अगदी तळ्यासारखा दिसतो. रापणीवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) काका जवळ असतील तर त्यांना विचारा पाणी कसं आहे, ते ॲप न बघता बरोबर सांगतात.

मी घरी आल्यावर वहीत एक ओळ लिहिते: तिथी, ॲपवरची उंची, पिरियड, दिशा, भरतीपासून किती तास, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्यक्ष लाट कंबरेएवढी की छातीएवढी. दोन सीझन झाले. आता ०.८ मीटर, १० सेकंद, नैऋत्य, भरतीच्या आधी दोन तास असं दिसलं की आश्वेला छातीएवढी, डावीकडे जाणारी लाट असेल हे मला घरबसल्या कळतं. १५ सेकंद आणि अमावास्येची पहाट अशी ओळ दिसली तर मावसभावाला फोन करते, सांगते झोप, आपण साडेआठला निघू.