गेमिंग लॅपटॉप घेताय? कार्डाच्या नावाआधी वॅट बघा आणि वजन चार्जरसकट मोजा

गेमिंग लॅपटॉप शोधायला बसलं की बहुतेक जण आधी ग्राफिक्स कार्डाचं, म्हणजे गेमची चित्रं काढणाऱ्या चिपचं नाव बघतात, ४०६० आहे का ४०७० आहे, मग किंमत, आणि लगेच कार्टमध्ये टाकून मोकळे. पण लॅपटॉपमधल्या कार्डाचं नुसतं नाव काहीच सांगत नाही, कंपनी त्या कार्डाला वीज किती देते यावर सगळं असतं. ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०६० ला ३५ ते ११५ वॅटची रेंज दिलीये, वरून डायनॅमिक बूस्टचे (प्रोसेसरच्या वाट्याची वीज गरजेला कार्डाकडे वळवतात ते) २५ वॅटपर्यंत वेगळे, म्हणजे नाव तेच असलं तरी एखाद्या स्लिम लॅपटॉपमधलं ४०६० साठ वॅटवर चालत असेल आणि जाडजूड लॅपटॉपमधलं १४० पर्यंत जात असेल. कार्डाच्या या वॅटच्या आकड्याला टीजीपी म्हणतात. सेलच्या पानावर हा आकडा बऱ्याचदा लिहिलेलाच नसतो, त्यामुळे पूर्ण मॉडेल नंबर कॉपी करून कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशनमध्ये बघायचा, आणि पूर्ण नंबरच घ्या, कारण एकाच सिरीजमध्ये दोन मॉडेलचा टीजीपी वेगळा असू शकतो.

आता वॅट जास्त म्हणजे चांगलंच का, तर एका मर्यादेपर्यंत. साठवरून नव्वदवर गेलं की फ्रेमरेटमध्ये (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्यात) फरक स्पष्ट जाणवतो, पण ४०६० ला शंभरच्या पुढे कितीही वीज दिली तरी हाती फारसं लागत नाही. म्हणून शंभर वॅटचा हलका लॅपटॉप आणि १४० वॅटचा जड लॅपटॉप यात अडकला असाल तर केवळ त्या चाळीस वॅटसाठी जड घेऊ नका. आणि दुकानदार ४०७० घ्या म्हणून मागे लागला तर लक्षात ठेवा, डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी स्वतःची मेमरी (लॅपटॉपची रॅम वेगळी) आहे, लॅपटॉपच्या ४०७० ला ८ जीबीच, म्हणजे ४०६० एवढीच. नवीन सिरीजमध्येही ५०६० आणि ५०७० दोन्ही लॅपटॉपमध्ये ८ जीबीचेच, १२ जीबी हवी असेल तर ५०७० टीआय पासून पुढे. नवे मोठे गेम अल्ट्रा टेक्स्चरवर खेळायचे असतील किंवा ब्लेंडरसारखं थ्रीडीचं काम करायचं असेल तर माझ्या मते मेमरीचा हा आकडा कोअरच्या आकड्यापेक्षा आधी बघायला पायजे.

वजनाचं बघू. स्पेसिफिकेशनमध्ये फक्त लॅपटॉपचं वजन असतं, चार्जरचं नसतं! लेनोवोचा एलओक्यू १५ इंची साधारण २.४ किलो, त्याचा मोठा चार्जर धरला की बॅगेत तीन किलोच्या वर जातं, त्यात पाण्याची बाटली आणि डबा टाकून रोज डोंबिवलीवरून सकाळच्या लोकलने जायचं असेल तर महिन्याभरात तो लॅपटॉप घरीच राहायला लागतो. दुसऱ्या टोकाला असूसचा २०२४ चा झेफायरस जी१४, दीड किलोचा, वर्गात टाइप सी चार्जरवरही भागतं, गेम खेळायला मात्र त्याचा मूळ चार्जरच लागतो. पण पैसे बरेच जास्त जातात आणि रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही, घेतानाच ३२ जीबी घ्या. अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, आपल्याकडे काही मोठ्या चार्जरना १६ अँपियरची जाड पिनची प्लग येते, आणि हॉस्टेलच्या रूममध्ये टेबलापाशी असतं छोटं ६ अँपियरचं सॉकेट. घेण्याआधी विचारून घ्या.

स्क्रीनमध्ये एक गोम आहे. हलक्या महागड्या लॅपटॉपना भारी स्क्रीन देतात, जी१४ ला २८८० बाय १८०० आहे, म्हणजे साध्या फुल एचडीच्या अडीचपट पिक्सेल, आणि ते ओढायला कार्ड मात्र कमी वॅटचं. तिथे रिझोल्युशन १९२० बाय १२०० करा किंवा डीएलएसएस (कमी पिक्सेलवर चित्र काढून ते एआयने मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) चालू करा, नाहीतर स्वस्त जाड लॅपटॉपवर तोच गेम जास्त स्मूथ चालताना दिसेल आणि पैसे फुकट गेल्यासारखं वाटेल. स्वस्त लॅपटॉपला उलटा प्रॉब्लेम, ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) असं लिहिलेलं पॅनल दिसलं तर रंग फिके असणार, व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी ते टाळाच.

गरमीचं तर आपल्याकडे वेगळंच गणित. रिव्ह्यू करणारे एसीच्या खोलीत टेस्ट करतात, तुम्ही मे महिन्यात नागपूर-अकोल्याला पंख्याखाली बसून खेळणार. खोलीचं तापमान जेवढं वाढतं जवळपास तेवढंच आतल्या चिपचं वाढतं, आणि बारीक बॉडीत मुळात जागाच कमी असल्याने तिथे आधी स्पीड पडतो आणि पंखे किंचाळायला लागतात. म्हणून रिव्ह्यूमध्ये पहिल्या पाच मिनिटांचे आकडे बघू नका, अर्धा तास खेळून झाल्यावरचे बघा.

बॅटरीवर गेमिंग विसरा. ७३ वॅट-अवरची बॅटरी आणि शंभर वॅट खेचणारी सिस्टिम, पाऊण तासही पुरणार नाही, शिवाय प्लग काढला की कार्ड स्वतःच हळू होतं. बॅटरी बघायची ती लेक्चर आणि कोडिंगसाठी, त्यात इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर, म्हणजे प्रोसेसरमधल्याच कमी वीज खाणाऱ्या ग्राफिक्सवर जाता येतं का एवढं बघितलं की झालं.

मग घ्यायचा कुठला? रूमवर एकाच टेबलावर खेळणार आणि लॅपटॉप फक्त सुट्टीत गावाला नेणार, तर डोळे झाकून जाड १५-१६ इंची घ्या, तेवढ्याच पैशात कार्डही जास्त ताकदीचं मिळतं. आठवड्यातून चार-पाच दिवस पाठीवर न्यायचा असेल तर चार्जरसकट दोन-सव्वादोन किलोच्या वर जाऊ नका आणि त्या वजनात नव्वद वॅटच्या खाली उतरू नका.

लॅपटॉप हातात आला की रिटर्नची मुदत संपायच्या आत एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा, हेल्पमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन, तिथे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर लिहिलेलं असतं. मग चार्जर लावून, परफॉर्मन्स मोडवर टाकून, एखादा जड गेम अर्धा तास चालवा आणि एनव्हिडियाच्या ओव्हरलेमध्ये (गेम चालू असताना स्क्रीनवरच दिसणाऱ्या आकड्यांमध्ये) कार्ड खरंच किती वॅट खातंय ते बघा. जाहिरातीतल्या आकड्याच्या आसपासही जात नसेल तर मोड आणि ड्रायव्हर एकदा तपासा, तरीही तेच असेल तर स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी रिटर्न टाका.