दवाखान्यात जायचंय पण साहेबांना कसं सांगू? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आदल्या रात्री दहा वाजता व्हॉट्सअॅप टाकून मोकळं होणं. नाशिक-मुंबईचे मोठे डॉक्टर जळगावला महिन्यातून ठरलेल्या तारखेलाच येतात, म्हणजे तारीख तुम्हाला आधीच माहीत असते, मग नंबर लावला त्याच दिवशी साहेबांना सांगून टाका ना भो. एमआयडीसीत शिफ्टला बदली माणूस बघायला वेळ लागतो, आणि बऱ्याचदा साहेब चिडतात ते रजेवर नाही, ऐनवेळी सांगण्यावर.

"तासाभरात आलोच" हे तर अजिबात बोलू नका. अकराचा नंबर दोनला लागतो, मग रक्त तपासा, सोनोग्राफी करा, रिपोर्ट घेऊन परत डॉक्टरला दाखवा. सरळ अर्धा दिवस मागा, आणि भुसावळ-पाचोऱ्याहून रेल्वेने ये-जा असेल तर पूर्ण दिवस. उपाशीपोटी तपासणी असेल तर ८ ते १२ तास काही खायचं नसतं, म्हणून आदल्या रात्रीची नाईट बदलून मिळते का तेही तेव्हाच विचारा, रात्रभर उपाशी मशीनवर उभं राहू नका.

गावाला लग्न आहे असं खोटं सांगू नका. आपल्याकडे दवाखान्याच्या बाकावर कोणीतरी ओळखीचं भेटतंच, मग पुढच्या वेळी खरं सांगितलं तरी पटत नाही. पण खरं सांगायचं म्हणजे फाईल उघडून दाखवायची असंही नाही!! आमच्या बायाबापड्या नेमक्या इथेच अडतात, पुरुष सुपरवायझरला पाळीचं नाहीतर गाठीचं कसं सांगायचं म्हणून तपासणीच पुढे ढकलतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. ताई, आजाराचं नाव सांगायची गरज नाही. एवढंच लिहा: "सर, गुरुवारी डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे, दुपारपर्यंत येणार नाही, सकाळची डिस्पॅचची एंट्री बुधवारीच करून ठेवते." कोणी खोदून विचारलं तर "तब्येतीचं आहे सर", बस. कागद मागितला तर दवाखान्यात गेल्याची चिठ्ठी द्या, रिपोर्ट नको.

निळी टिक आली पण उत्तर नाही? ते हो धरू नका, दुसऱ्या दिवशी समोर जाऊन विचारा आणि मग "बोलल्याप्रमाणे गुरुवारी अर्धा दिवस" असा एक मेसेज टाकून ठेवा. नाहीच म्हणाले तर कोणता दिवस चालेल ते लगेच विचारा, पण दुखणं वाढत असेल तर थांबू नका, लेखी कळवा आणि जा. दुकानात-ऑफिसात असाल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे, छोट्या दुकानांना तो लागू नाही, पण न वापरलेली रजा वर्षाअखेर बुडते म्हणून आधी ती बघा.

ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा, मात्र लोक घोळ घालतात. कार्ड असेल तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतात, पण ते एका दिवसाच्या तपासणीसाठी नाही, डॉक्टरने आराम सांगितला तर, आणि ईएसआयच्याच डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, ते त्याच वेळी घेऊन ठेवा.