चोर्ल्यात सुटणारा तिसरा गिअर

मागे गादी-शेगडी बसवून घेतलेली आमची जुनी डिझेल व्हॅन. कणकुंबी सोडून चोर्ला घाट उतरताना ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की तिसरा गिअर खट्कन न्यूट्रलला. दांडा हाताने दाबून धरूनच गोवा गाठला.

बेळगावात आल्यावर गिअरबॉक्सचं ऑइल सोडलं, तर काळ्या तेलात पिवळी चमक. "पितळ उतरलंय की ओ," मिस्त्री म्हणाले. गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा झिजलेल्या, बेअरिंगही घरघरत होतं. मग जुन्या बाजारातला अख्खा गिअरबॉक्सच घेतला. घेण्याआधी आमची क्लच प्लेट त्याच्या इंजिनकडच्या दातेरी इनपुट शाफ्टवर सरकवून बघितली. त्याआधी बघितलेल्या बॉक्सचे दाते जुळलेच नव्हते.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तेव्हाच बदललं. परत एवढं कोण उतरवणार? प्लेट मधोमध धरायला जुन्याच बॉक्सचा इनपुट शाफ्ट वापरला. तरी बॉक्स चढवताना इंजिनपासून बोटभर अंतर राहिलं. बोल्ट आवळून ओढायला मी निघालो होतो, मिस्त्रींनी हात धरला: केसिंग तडकतं. गिअरमध्ये टाकून मागचा शाफ्ट जरासा फिरवला, आणि बॉक्स आपसूक आत सरकला.

गिअर ऑइल मात्र जीएल-४ दर्जाचंच. जीएल-५ सिंक्रोच्या पितळेला मानवेलच असं नाही.